लग्नापर्यंत थांबू नकोस, याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा

ताई, मी २० वर्षांची. लातूरहून पुण्याला बी.एस्सी.साठी आलेय. घरी होते तोवर पाळी दर महिन्याला यायची. आता दोन-दोन महिने येत नाही आणि आली की दहा-बारा दिवस जात नाही. मेसचा एक डबा आम्ही दोघी मिळून खातो. परीक्षेच्या दिवसांत पहाटे तीनला झोपतो. हनुवटीवर थोडे केसही आलेत. आई म्हणते, लग्न झालं की होईल सगळं नीट. रूममेट मेडिकलमधून गोळ्या आण म्हणते. काय करू?

प्रिय मुली,

गोळ्या आणू नकोस. त्या गोळ्यांनी चार दिवस रक्त थांबेल किंवा पाळी येईल, पण ती का चुकते आहे ते कळायचं राहून जाईल.

अंडाशयाने कधी बीज सोडायचं, याचा निरोप मेंदूकडून येतो. पोटात पुरेसं जात नसेल, वजन झपाट्याने उतरलं असेल, डोक्यावर सतत ताण असेल, तर तो निरोप लांबतो. बीज सुटलं नाही की गर्भाशयाचं अस्तर नुसतं वाढत राहतं आणि मग एकदम, भरपूर, बरेच दिवस जातं. तुझं वर्णन याच्याशी जुळतं. म्हणून आधी डबा पूर्ण घे. पैसे वाचवायला जेवण अर्धं करतेस हे मला दिसतंय, आणि वाईटही वाटतंय. निदान शेंगदाणे-गूळ, फुटाणे, एखादं अंडं खोलीत ठेव. चहा-बिस्किटावर रात्र काढणं बंद कर.

पण हनुवटीचे केस तू जाता जाता लिहिलेस, माझं लक्ष तिथेच अडकलं. पाळी लांबणं आणि चेहऱ्यावर राठ केस येणं एकत्र असेल तर पीसीओएसची, म्हणजे हार्मोन्स बिघडून बीज वेळेवर न सुटण्याच्या त्रासाची, शंका घ्यावीच लागते. थायरॉइडनेही पाळी बिघडते. घरबसल्या यातलं काही ओळखता येत नाही. तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. तू सज्ञान आहेस, सोबत आई-वडील असायलाच हवेत असं नाही. मागच्या पाळ्यांच्या तारखा लिहून ने. हिमोग्लोबिन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन (पाळीवर परिणाम करणारं एक हार्मोन) अशा रक्ताच्या तपासण्या बहुधा सांगतील. इतके दिवस रक्त जातंय म्हटल्यावर हिमोग्लोबिन तर बघायलाच हवं. सोनोग्राफीची भीती असेल तर सांगते, ती पोटावरूनही करतात. भरपूर पाणी पिऊन लघवी धरून बसावं लागतं, एवढंच. तुझ्या वयात अंडाशयात बारीक फुगे दिसणं पुष्कळ मुलींत असतं, नुसत्या त्या रिपोर्टवरून पीसीओएस ठरत नाही. गर्भधारणेची शक्यता आहे का, असंही विचारतील. सगळ्यांनाच विचारतात. खरं असेल ते सांग.

लग्नाने पाळी नियमित होत नाही. आईलाही कुणीतरी हेच सांगितलं असणार, तिच्याशी वाद घालू नकोस. रिपोर्ट आले की फोनवर तिला सगळं नीट सांग.

आणि तासाभरात पॅड भिजू लागला, चक्कर आली किंवा जिना चढताना धाप लागली, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस. त्याच वेळी दवाखाना गाठ, रात्री रेक्टरबाईंना उठवावं लागलं तरी चालेल.

तुझी,
ताई