मंजुरी की निर्बंध?

प्रश्न : बँकेने माझे गृहकर्ज ‘सँक्शन’ केले, म्हणून आम्ही पेढे वाटले, वर्तमानपत्रात मात्र देशांवर ‘सँक्शन्स’ लादल्याचे वाचतो. एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ कसे? – एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : पेढे योग्यच वाटलेत. हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदापासून आला, त्याचा अर्थ एखादी गोष्ट पवित्र, अनुल्लंघनीय ठरवणे असा आहे. कायद्यावर अशी मोहोर उमटली की त्याला मान्यता मिळते आणि तो मोडणाऱ्याला शिक्षाही ठरते. यांतल्या पहिल्या बाजूतून मंजुरीचा, तर दुसरीतून दंडाचा अर्थ निघाला.

वापरताना वचन आणि शब्दयोगी अव्यय पाहावे. सरकारी नोकरावर खटला भरण्यासाठी जे ‘सँक्शन’ लागते ते एकवचनी असते, त्यापुढे ‘फॉर’ येते आणि त्याचा अर्थ परवानगी असा होतो. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १९९० साली इराकवर जे व्यापारी निर्बंध घातले ते ‘सँक्शन्स’, म्हणजे अनेकवचनी, आणि त्यापुढे ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’. कायद्याच्या पुस्तकांत एकवचनही शिक्षेच्या अर्थाने भेटते, तिथे संदर्भावरच विसंबावे लागते. क्रियापद मात्र पूर्वापार मंजूर करण्याचेच होते. हल्ली बातम्यांत ते निर्बंध लादण्यासाठीही सर्रास वापरतात. ते चूक नाही, पण आपल्या अर्जात किंवा पत्रात ‘अप्रूव्ह’ लिहिलेले बरे. निर्बंधांसाठी ‘इम्पोज सँक्शन्स ऑन’ ही रचना निःशंकपणे वापरावी.