इंट्राडेसाठी (त्याच दिवशी घेऊन विकण्यासाठी) वेगळा डेटा फीड (भावांचा थेट पुरवठा) घ्यावा, की ब्रोकरचा चार्ट पुरतो?

पाच-पंधरा मिनिटांच्या कॅन्डलवर (तेवढ्या वेळातला भावाचा चढउतार दाखवणारी चार्टवरची उभी पट्टी) हाताने सौदे करत असाल तर ब्रोकरचा चार्ट पुरतो, उगाच पैसे घालवू नका. अ‍ॅमिब्रोकर या चार्टिंग सॉफ्टवेअरमध्ये शंभरेक शेअर एकाच वेळी स्कॅन करायचे असतील, तरच एनएसईच्या अधिकृत विक्रेत्याकडून फीड घ्या. स्वस्तातला चोरटा फीड नकोच. ऐन बाजारात बंद पडला तर दाद कुठे मागणार?

एक गोष्ट नीट समजून घ्या. ब्रोकरकडून येतात ते ठरावीक अंतराने घेतलेले स्नॅपशॉट, प्रत्येक सौदा नव्हे. दोन स्नॅपशॉटच्या मधे भाव 101 ला शिवून परत आला, तर तुमच्या कॅन्डलचा हाय (सर्वोच्च भाव) 100.80 दिसेल आणि 101 ला लावलेला स्टॉपलॉस (तोटा थांबवायला आधीच ठेवलेली ऑर्डर) मात्र लागलेला असेल. म्हणून दोन चार्टवर एका मिनिटाची कॅन्डल जुळत नाही. यात सॉफ्टवेअरचा दोष नसतो.

पैसे भरण्याआधी ट्रायल मागा. बाजार चालू असताना पाच मिनिटं इंटरनेट तोडा, पुन्हा जोडा आणि राहिलेल्या कॅन्डल आपोआप भरतात का पाहा. संध्याकाळी भरपूर उलाढालीच्या शेअरच्या कॅन्डल मोजा: 9:15 ते 3:30 म्हणजे 375 मिनिटं, पाच मिनिटांच्या 75 हव्यात. नुकताच बोनस किंवा स्प्लिट झालेल्या शेअरचा जुना भाव वाढलेल्या शेअरसंख्येनुसार समायोजित आहे का तेही तपासा, नाहीतर खोटी पडझड दिसून मूव्हिंग अ‍ॅव्हरेज (सरकती सरासरी) बिघडतो. अ‍ॅमिब्रोकर 64-बिट असेल तर फीड जोडणारं प्लगइनही 64-बिटच लागतं.