टोटल काउंटच्या खालची ओळ

प्रिय डॉक्टर,

काल राउंडला सेप्सिसच्या त्या पेशंटबद्दल तू सांगितलंस, टोटल काउंट (दर मायक्रोलिटर रक्तातल्या एकूण पांढऱ्या पेशी) २२,००० वरून १२,००० वर आलाय, पेशंट सुधारतोय. नातेवाईक जवळच होते, म्हणून तेव्हा बोललो नाही. रिपोर्टची खालची ओळ तू वाचली नव्हतीस. त्या पांढऱ्या पेशींतला एक प्रकार, लिम्फोसाइट, ५ टक्के होत्या, आता ६. टक्का वाढलेला दिसतो, पण गुणाकार करून बघ: ११०० च्या ७२० झाल्या. मोठ्या माणसात हा आकडा साधारण १००० च्या वर हवा. हा गुणाकार रोज स्वतः करत जा.

सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बिघडलेल्या प्रतिसादाने अवयवच निकामी होऊ लागतात तेव्हा, चढणाऱ्या न्यूट्रोफिलकडे, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींकडे, सगळ्यांचं लक्ष जातं. लिम्फोसाइट तेवढ्यात मोठ्या संख्येने मरत असतात, अपोप्टोसिसने, म्हणजे पेशीने स्वतःच स्वतःला संपवून. सेप्सिसने गेलेल्यांच्या शवविच्छेदनात प्लीहेतल्या बी आणि सीडी४ टी पेशी (दोन्ही लिम्फोसाइटचेच प्रकार) खूप घटलेल्या आढळल्या आहेत. म्हणूनच पहिल्या जंतूतून वाचलेला पेशंट पुढे कधी बुरशीच्या संसर्गाने ढासळतो, कधी शरीरात वर्षानुवर्षं निपचित पडलेला सायटोमेगॅलो विषाणू डोकं वर काढतो.

पहिल्या दिवशीच्या कमी आकड्याने मात्र लगेच घाबरू नकोस. ताणामुळे वाढलेलं कॉर्टिसॉल आणि आपण दिलेलं हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड या पेशींना रक्तातून अस्थिमज्जेसारख्या ठिकाणी हलवतं; त्या सगळ्या मेलेल्या नसतात. मला काळजी वाटते ती चौथ्या दिवशीही आकडा वर न आलेल्या पेशंटची. अशांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतं.

तुझ्या थीसिससाठी एक सांगतो. चौथ्या दिवसाचा आकडा तोवर आयसीयूत असलेल्यांचाच मिळतो. दुसऱ्या दिवशी गेलेले आणि बरे होऊन वॉर्डात हलवलेले, दोघंही तक्त्यातून गळतात. त्यांची नोंद आधी कर. आणि कमी पेशींमुळेच मृत्यू झाला, असं लिहायची घाई नको. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २७ पेशंटच्या चाचणीत इंटरल्यूकिन-७ हे लिम्फोसाइट वाढवणारं प्रथिन दिल्यावर लिम्फोसाइट तीन-चार पट वाढल्या. मृत्यू कमी होतात, हे त्यातून सिद्ध झालं नाही.

नातेवाइकांना नुसत्या काउंटवरून ‘सुधारतोय’ म्हणू नकोस. तो एक शब्द धरून ते रात्र काढतात.

आज संध्याकाळी त्या पेशंटची सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेतली नळी, अजून लागते का, ते बघ; नव्या जंतूला ती वाट नको. स्टेरॉइडचा डोस आपण दोघं मिळून ठरवू. उद्या राउंडला टोटलच्या आधी लिम्फोसाइटचा आकडा सांग.

तुझा,
सर