जनरेटर विकण्याची घाई करू नका

आपल्या मल्टीच्या (बहुमजली इमारतीच्या) गच्चीवर सौर पॅनेल बसवून डिझेलचा जनरेटर विकण्याच्या बेताविषयीची आपली पोस्ट वाचताना २०२१ सालची आमची सर्वसाधारण सभा डोळ्यांपुढे उभी राहिली. तशीच इंदूरमधली छत्तीस सदनिकांची मल्टी, गच्चीवर २५ किलोवॉटचे सौर पॅनेल बसवण्याचा प्रस्ताव, कंत्राटदाराचे गुळगुळीत कागदावरचे दरपत्रक, आणि "सोलर आल्यावर डिझेलचा जनरेटर हवाच कशाला, तो विकून वर्गणी कमी करू" हा आपल्या अध्यक्षांसारखाच आग्रह. आमच्या सभेत हे वाक्य मीच उच्चारले होते, कारण त्या वेळी रहवासी संघाचा सचिव मी होतो. त्यामुळे पुढचे लिहिणे हे थोडेसे प्रायश्चित्त समजावे. एक खुलासा आधीच करतो: मी विद्युत अभियंता नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. येथील तांत्रिक बाबी मी ठेच लागल्यावर शिकलो, तेव्हा त्या आपण जाणकाराकडून पडताळून घ्याव्यात.

पॅनेल कोणत्या दिशेला, किती कलते, कोणत्या बनावटीचे, यात मी शिरत नाही; ते आपल्याला कोणीही सांगेल. मी अडखळलो तो आपल्या 'स्वावलंबी' या शब्दापाशी. मल्टी ऊर्जेच्या बाबतीत स्वावलंबी होईल आणि वीज गेली तरी आपले अडणार नाही, असे आपण लिहिले आहे. यातला पहिला भाग निम्मा खरा आहे. दुसरा भाग, आपल्या दरपत्रकात नुसता 'ऑन-ग्रिड' इन्व्हर्टर लिहिलेला असेल तर, साफ चुकीचा आहे.

ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज वापरण्याजोगी करून बाहेरच्या तारेशी जोडणारे यंत्र, बाहेरून येणाऱ्या विजेच्या तालावर चालतो. ती वीज गेली की तो क्षणार्धात स्वतःला बंद करून घेतो, आणि तसे करणे त्याला बंधनकारक असते. कारण दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनच्या अंगावर आपल्या गच्चीवरून वीज जाता कामा नये. ही सोय योग्यच आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती स्वतःविषयी, कारण ही गोष्ट आमच्या करारपत्राच्या चौथ्या पानावर एका ओळीत लिहिलेली होती आणि मी त्या पानावर सही केली होती. कंत्राटदाराने खोटे सांगितले नाही. आम्ही विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही, एवढेच.

पॅनेल बसले, बिल उतरले, सत्कारही झाला. २५ किलोवॉटमधून आमच्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला शंभरेक युनिट निघतात आणि लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे हा सामायिक खर्च त्यात बहुतेक भागतो. त्या आनंदात आम्ही ६२.५ केव्हीए क्षमतेचा जनरेटर दोन लाख दहा हजारांना विकून टाकला. पुढच्याच मे महिन्यात वळवाचे वादळ आले, मागच्या गल्लीतला कडुलिंब तारांवर पडला आणि संध्याकाळी सातला गेलेली वीज दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत आली नाही. रात्र लोकांनी मेणबत्त्यांवर काढली, त्याचे कोणाला विशेष वाटले नाही. सकाळी मात्र लख्ख ऊन पडले आणि तरीही लिफ्ट हलेना, पंप चालेना, तेव्हा माणसे एकेक करून गच्चीवर येऊ लागली. पॅनेल चकाकत होते, इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला होता, आणि मी त्या दिव्याकडे बोट दाखवून खांबावरच्या वायरमनच्या सुरक्षिततेचे महत्त्व समजावून सांगत होतो. तो प्रसंग आठवला की आजही कानशिले तापतात.

चौथ्या मजल्यावरच्या काकूंना घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागत असे. तो साधारण साडेतीनशे वॉटचा असतो, म्हणजे आमच्या गच्चीवरच्या क्षमतेच्या दृष्टीने किरकोळ. त्यांच्या घरातला इन्व्हर्टर पहाटे संपला. जवळचे छोटे सिलिंडर होते म्हणून निभावले. सकाळी चार जणांनी त्यांना खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणले आणि भाचीच्या घरी पोहोचवले. जिन्यातून उतरताना त्या मला म्हणाल्या, "अरे, तो खडखडाट करणारा डबा होता तोच बरा होता." त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

म्हणून माझे मत असे झाले आहे, आणि ते काहींना पटत नाही हेही मला ठाऊक आहे, की कोळसा-डिझेलवरचे अवलंबन कमी करणे आणि संकटात तग धरणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि आपल्या सभेत त्यांची चर्चा वेगवेगळी व्हायला हवी. पहिल्याचा हिशोब वर्षाच्या युनिटांत होतो. दुसऱ्याचा हिशोब 'काय चालू राहिलेच पाहिजे आणि किती तास' या प्रश्नात असतो, आणि तो प्रश्न कंत्राटदार विचारत नाही, कारण त्याला किलोवॉट विकायचे असतात.

आम्ही हा प्रश्न विचारला तो दोन वर्षे उशिरा. एका रविवारी कागद घेऊन बसलो, तेव्हा जिन्यातले दिवे, फाटकापाशी चौकीदाराची खोली, कॅमेरे आणि प्रत्येक मजल्यावर वैद्यकीय उपकरणासाठी एक सॉकेट, एवढ्याला रात्रीच्या बारा तासांत दहाएक युनिट पुरतात असे निघाले. छत्तीस घरांच्या मल्टीची रात्र दहा युनिटांत निघते, हे ऐकून सभेत कोणाचा विश्वास बसेना. त्यासाठी आम्ही दहा किलोवॉटचा हायब्रिड इन्व्हर्टर आणि पंधरा युनिटांची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी घेतली, आणि या भारांची वायर वेगळ्या पेटीत ओढली. हायब्रिड इन्व्हर्टर वीज गेल्यावर बाहेरच्या तारेपासून स्वतःला तोडून घेतो आणि आतल्या आत पॅनेल व बॅटरीवर चालत राहतो. गुजरातमधील मोढेरा गाव ऑक्टोबर २०२२ मध्ये सौरग्राम म्हणून जाहीर झाले, तिथेही पॅनेलच्या जोडीला बॅटरीची साठवण आहे. ती नसती तर सूर्यास्तानंतर सौर या शब्दाला फारसा अर्थ उरला नसता.

लिफ्टच्या बाबतीत एक पोटसूचना. तिला चोवीस तास बॅटरीवर चालवण्याचा हट्ट धरू नये, त्यात बॅटरीचा खर्च भलताच वाढतो. आमच्या लिफ्टला एआरडी बसवले आहे, म्हणजे वीज गेली की ती जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडते आणि कोणी अडकत नाही. आजारी माणसासाठी ती हायब्रिडवर चालवता येते, पण त्या स्विचची किल्ली चौकीदाराकडे असते. पहिल्या महिन्यात किल्लीवरून दोन भांडणे झाली, मग सवय झाली.

आता जनरेटरविषयी. एक लिटर डिझेलमधून जेमतेम तीन-साडेतीन युनिट मिळतात, म्हणजे नव्वदच्या वर गेलेल्या दराने एका युनिटचे नुसते इंधनच पंचवीस-तीस रुपयांना पडते, शिवाय प्रत्येक लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्याचे प्रेम मला अजिबात नाही. तरीही नव्या व्यवस्थेवर एक पूर्ण पावसाळा निघेपर्यंत आपण तो विकू नये असे मी आग्रहाने सांगेन. आम्हाला पुढे पंधरा केव्हीएचा जुना जनरेटर पुन्हा विकत घ्यावा लागला. तो महिन्यातून एकदा दहा मिनिटे तपासणीसाठी चालतो, बाकी झाकून ठेवलेला असतो. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या आमच्या एका तरुण सदस्याला हे पाप वाटते. मला ते छत्री वाटते.

पाण्याचा विचार आपल्या पोस्टमध्ये कुठेच नाही. इंदूरचे बहुतेक पिण्याचे पाणी नर्मदाकाठच्या जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, नर्मदेतून उपसून समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवरच्या या शहरात चढवले जाते, म्हणजे आपल्या नळाला येणारा जवळजवळ प्रत्येक थेंब विजेवर स्वार होऊन येतो. ही वीज महानगरपालिकेला इतकी महाग पडते की जलूद येथील ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी तिने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे) काढले आणि ते अनेकपट मागणीने विकले गेले. शहर आपल्या पातळीवर ते करते आहे. आपली गच्ची मात्र आपल्यालाच सांभाळायची आहे. हजार चौरस फूट गच्चीवर आपल्याकडच्या सरासरी पावसात सत्तर हजार लिटरच्या आसपास पाणी हाती लागू शकते, आणि ते गाळून बोअरमध्ये सोडण्याचा खर्च बॅटरीच्या तुलनेत नगण्य आहे. पंपही आम्ही पाच अश्वशक्तीचा काढून तीनचा बसवला, व्हीएफडीसह (मोटरचा वेग गरजेप्रमाणे बदलणाऱ्या उपकरणासह), आणि वरची टाकी सकाळी अकरा ते दोनमध्येच भरतो. उन्हात भरलेली टाकी ही सर्वांत स्वस्त बॅटरी आहे, हे माझे आवडते वाक्य असल्याने घरचे आता ते ऐकून घेत नाहीत.

कागदपत्रांविषयी लिहायचे नाही असे ठरवले होते, पण राहवत नाही. नेट मीटरसाठी (बाहेर दिलेली वीज बिलातून वजा करणाऱ्या मीटरसाठी) अर्ज केल्यावर आम्हाला एका कार्यालयातून कळले की सामायिक जोडणी अजून बिल्डरच्याच नावावर आहे. बिल्डर शहर सोडून गेलेला. त्याची संमती आणा, असे सांगण्यात आले. ती तीन महिन्यांनी आणली, तेव्हा नोंदणी प्रमाणपत्रावर 'रहवासी कल्याण संघ' आहे आणि अर्जावर 'रहवासी संघ' आहे, असे निघाले. दुरुस्त करून नेला, तर आधी पाहिलेले साहेब बदलून गेले होते आणि नव्या साहेबांना फाइल पहिल्यापासून पाहायची होती. चैत्र-वैशाखाचे ऊन, वर्षातले सर्वांत चांगले, पॅनेलवर पडून वाया गेले. कोणी पैसे मागितले नाहीत, कोणी उद्धटपणे बोललेही नाही. सर्वांनी चहा पाजला आणि पुढच्या मंगळवारी या म्हटले. एकूण सात महिने. म्हणून आपण आधी सामायिक मीटर कोणाच्या नावावर आहे ते आजच बिलावर पाहा, मंजूर भार किती आहे तेही पाहा, आणि संघाचे नाव सगळ्या कागदांवर अक्षरशः एकच ठेवा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत रहवासी संघांच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे आपल्या २५ किलोवॉटला साडेचार लाख होतात. ते नावातल्या एका शब्दापायी अडकू नये. अटी बदलत असतात, तेव्हा अर्जाआधी खात्री करावी.

पैशांच्या बाबतीत सभेत सर्वांत जास्त वाद होईल तो बॅटरीच्या बदलीच्या निधीवर. तो आजपासूनच वेगळा काढावा असे माझे ठाम मत आहे. बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातील धरनई गावात २०१४ मध्ये १०० किलोवॉटचे सौर सूक्ष्मजाल, म्हणजे गावापुरते स्वतंत्र वीजजाळे, मोठ्या कौतुकाने सुरू झाले होते. पुढे बाहेरची स्वस्त वीज गावात पोहोचली, बॅटऱ्या संपल्या, त्या बदलण्याची व्यवस्था उभी राहिली नाही आणि ते बंद पडले. तंत्र फसले नव्हते. आमच्याकडे दर सदनिकेमागे महिन्याला शंभर रुपये या नावाने वेगळ्या खात्यात जातात आणि ते रंगकामाला वापरता येणार नाहीत असा ठराव लिहून ठेवला आहे. पंचवीस वर्षे बँकेत काढल्यामुळे रंगकामाची ताकद मला माहीत आहे.

गच्चीचाही प्रश्न सभेच्या आधीच काढावा. २५ किलोवॉटला अडीच हजार चौरस फूट जागा जाते आणि उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, पापड वाळवायचे कुठे, हा प्रश्न पॅनेल बसल्यावर विचारला गेला तर तो तांत्रिक राहत नाही. आम्ही सांगाडा आठ फूट उंच घेतला, खर्च वाढला, पण खाली सावली आणि कडेला वाळवणाची जागा राहिली. सांगाड्याचे पाय गच्चीला भोके पाडून बसवू देऊ नका, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर घ्या. मात्र वाऱ्याचा भार अभियंत्याकडून तपासून घ्या. पॅनेल बोअरच्या जड पाण्याने धुऊ नका, क्षारांचे पांढरे डाग बसतात आणि मग ते सहजासहजी जात नाहीत.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एक काम न चुकता करावे. भर दुपारी, कंत्राटदाराला समोर उभे करून, मल्टीचा मेन स्विच खाली पाडावा आणि तासभर तसाच ठेवावा. आम्ही दुसऱ्या वेळी तसे केले. दिवे लागलेले राहिले, लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर येऊन उघडली, काकूंच्या मजल्यावरचे सॉकेटही चालू होते. पंप मात्र चालला नाही, कारण त्याची वायर जुन्याच पेटीत राहिली होती. कंत्राटदाराने ती त्याच संध्याकाळी बदलली. हप्ता खिशात होता म्हणून.