बंदीनंतर ड्राइव्ह का फुटतो? कारखान्यातील इलेक्ट्रॉनिक्स देखभाल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (मिरकरवाडा, रत्नागिरी) : मासेमारीबंदीमुळे आमचा बर्फाचा कारखाना जून-जुलैत बंद असतो. ऑगस्टमध्ये सुरू करताना ब्राइन (थंड खाऱ्या पाण्याच्या) टाकीतले पाणी ढवळणाऱ्या ॲजिटेटरचा ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे उपकरण) 'ग्राउंड फॉल्ट' (वीज जमिनीकडे गळते आहे) असे दाखवून ट्रिप होतो. गेल्या वर्षी एक ड्राइव्ह तर चालू करताच फुटला. दोन महिने हातही न लावलेल्या मशीनला होते काय?

उत्तर : दोन महिने हात लागला नाही, म्हणूनच हे होते. चालू पॅनेल, म्हणजे ड्राइव्हची पेटी, स्वतःच्या उष्णतेने कोरडे राहते. बंद पडले की ते गार होते आणि पंख्याने वर्षभर आत ओढलेले मीठ कार्डांवर (सर्किट बोर्डांवर) तसेच बसलेले असते. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते. आपल्याकडे पावसाळ्यात ती बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. कार्डावर खारट पाण्याचा थर धरतो आणि त्यावर तुम्ही एकदम ४१५ व्होल्ट सोडता. आतली डीसी बस (एसीचे डीसी होऊन साठते तो भाग) ५६० ते ५९० व्होल्टला पोचते आणि थरातून ठिणगी उडते.

म्हणून सुरू करण्याच्या आदल्या दिवशीच मेन स्विच बंद करून कुलूप आणि टॅग लावा. ड्राइव्हला आधी पुरवठा दिलेला असेल, तर त्यावरच्या स्टिकरवर लिहिलेली मिनिटे थांबा आणि मग डीसी प्लस-मायनसवर मीटर लावून व्होल्टेज उतरल्याची खात्री करा. नुसता डिस्प्ले विझला म्हणून हात घालू नका, कपॅसिटर भरलेले असू शकतात. कार्डावरची धूळ आणि मीठ मऊ ब्रश व व्हॅक्यूमने काढा, उरलेले कॉन्टॅक्ट क्लीनरने. कारखान्याच्या कंप्रेसरची हवा मारू नका. तिच्यात पाणी आणि तेल दोन्ही असते. गंज सोडवण्याचा तेलकट स्प्रेही कार्डावर नको, त्यावर धूळ चिकटते. मग पॅनेलच्या दारातून कोमट हवा काही तास फिरू द्या. हात सहज ठेवता येईल इतकीच गरम, जास्त नाही.

आता मोटर. मोटरकडे जाणाऱ्या यू, व्ही, डब्ल्यू या तिन्ही वायरी ड्राइव्हवरून सोडवा आणि मगच केबलसह मोटरला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र) एक मिनिट लावा. वायरी जोडलेल्या असताना मेगर मारला तर ड्राइव्हचे आउटपुट मॉड्यूल जाते. नव्या ड्राइव्हचा बळी जाण्याचे हे नेहमीचे कारण आहे. रीडिंग ५ मेगओहमच्या वर असावे. कमी आले तर केबल मोटरपासूनही वेगळी करून दोन्ही स्वतंत्र मोजा, दोष बरेचदा मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये साचलेल्या पाण्यात सापडतो. वाइंडिंगच ओले असेल तर बॉक्स उघडा ठेवून गरम हवेने सुकवा, वाइंडिंग ८० अंशांच्या आत ठेवा आणि दर दोन तासांनी मोजा. सुरुवातीला रीडिंग आणखी खाली येईल. घाबरून थांबवू नका. गरम झालेल्या इन्सुलेशनचा रोध कमी होतो आणि आतला ओलावा बाहेर येऊ लागतो. पुढे रीडिंग चढते आणि एका पातळीवर स्थिरावते, तेव्हा मोटर सुकली.

ड्राइव्ह आधीच गेला आहे का, हे पुरवठा न देता कळते. डीसी बस रिकामी असताना मीटर डायोड तपासणीच्या खुणेवर ठेवा. लाल प्रोब डीसी मायनसवर, काळा आळीपाळीने आर, एस, टी (पुरवठा येतो ती टोके) आणि यू, व्ही, डब्ल्यूवर. प्रत्येक ठिकाणी साधारण ०.३ ते ०.५ व्होल्ट आणि सगळीकडे जवळजवळ सारखेच दिसायला हवे. कुठे शून्य दिसले तर ते टोक शॉर्ट आहे, पुरवठा देऊ नका. सगळे ठीक असेल तर मोटर न जोडता व्ही-एफ मोडमध्ये (वेग बदलण्याची साधी पद्धत) ड्राइव्ह चालवून पाहा. तरीही ग्राउंड फॉल्ट आला तर दोष ड्राइव्हमध्ये, नाही आला तर केबल किंवा मोटरमध्ये. मोटरचा करंट पाहून चालणाऱ्या व्हेक्टर मोडमध्ये मोटरशिवाय वेगळाच फॉल्ट येईल, त्याने गोंधळू नका.

पुढच्या बंदीसाठी पॅनेल हीटरला वेगळी सर्किट द्या, म्हणजे मेन बंद असतानाही तो चालू राहील. केबल ग्लँडची (केबल पेटीत शिरते तिथली) उघडी भोके बुजवा. आणि पॅनेल अमोनिया कंप्रेसरच्या खोलीत असेल तर ते बाहेर काढाच. दमट हवेतला थोडासाही अमोनिया तांबे-पितळ खातो. टर्मिनलवर हिरवट-निळा थर दिसू लागला की समजा, गळती आधीपासून सुरू आहे.

प्रश्न (रत्नागिरी, आंबा पल्प) : पल्प गरम करण्याच्या टाकीचा तापमान कंट्रोलर हातातल्या थर्मामीटरपेक्षा ३ अंश जास्त दाखवतो. कंट्रोलरमध्ये ऑफसेट देऊन जुळवावा का?

उत्तर : नाही, आधी कारण शोधा. कंट्रोलर जास्त दाखवतो म्हणजे पल्प प्रत्यक्षात ३ अंश कमी तापतो आहे, आणि त्याचा परिणाम पुढे फुगलेल्या डब्यांत दिसतो.

अशा टाकीत बहुधा असणाऱ्या पीटी-१०० या तापमान सेन्सरचा रोध ० अंशाला १०० ओहम आणि १०० अंशाला १३८.५ ओहम असतो, म्हणजे अंशाला जेमतेम ०.३८५ ओहम. सेन्सरच्या तीन वायरींपैकी (एक पांढरी, दोन लाल) पांढऱ्या वायरच्या टर्मिनलवर गंजाने एक ओहम वाढला तरी आकडा अडीच अंशांहून वर जातो. तीन वायरींची जोडणी केबलचा रोध वजा करते, पण तिन्ही वायरींचा रोध सारखा असेल तरच. एकाच टोकाला गंज लागला की हिशेब बिघडतो.

सेन्सरच्या डोक्याचे (केबल जोडण्याच्या डबीचे) झाकण उघडून केबल सोडवा आणि सेन्सरच्या स्वतःच्या वायरींवर मोजा. लाल-लाल मोजा, तो फक्त वायरींचा रोध. पांढरी-लाल मोजून त्यातून तो वजा करा, म्हणजे सेन्सरचा खरा रोध मिळतो. सेन्सर उकळत्या पाण्यात धरा. किनाऱ्यावर पाणी १०० अंशांनाच उकळते, ही आपली सोय. १३८.५ च्या जवळ आले तर सेन्सर चांगला आहे. मग दोष टर्मिनलवर. तिथली वायर मागे कापून नवे लग (वायरच्या टोकाचे धातूचे टोपण) क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा, आणि झाकणाचे गास्केट बदला. वाफ तिथूनच शिरते. एवढे करूनही फरक उरला तरच ऑफसेट द्या आणि तो तारखेसह नोंदवा.

प्रश्न (सावंतवाडी) : आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कारखान्यात टेक्निशियनचे काम नेमके काय? कार्ड दुरुस्ती किती येते?

उत्तर : कार्डावर सोल्डरिंग तुम्हाला वाटते त्यापेक्षा कमीच. सेन्सर, केबल, टर्मिनल, रिले, पॉवर सप्लाय यांतच जास्त वेळ जातो. ठरलेल्या तारखांची देखभाल, ब्रेकडाउन शोधणे, स्पेअरचा साठा, प्रोग्रॅमचे बॅकअप, परमिट (कामाची लेखी परवानगी) घेणे आणि नोंदवही, हे सगळे कामात येते.

ड्रॉइंग वाचायला शिका आणि फेरूल नंबरवरून (वायरच्या टोकावर लिहिलेला क्रमांक) वायर शोधायचा सराव करा. दोष शोधताना साखळीच्या मधोमध मोजा. २४ व्होल्ट तिथपर्यंत पोचले असतील तर अर्धा भाग लगेच बाद होतो. टाकीची पातळी दाखवणाऱ्या ४ ते २० मिलीॲम्पिअरच्या लूपमध्ये (सिग्नलच्या सर्किटमध्ये) १२ म्हणजे निम्मी टाकी हे पटकन आठवायला हवे. शून्य दिसले तर टाकी रिकामी नाही, वायर तुटली आहे किंवा पुरवठा गेला आहे.

मीटर कॅट थ्री (सुरक्षिततेचा दर्जा) ६०० व्होल्टचा घ्या. पुरवठा बंद आहे का हे तपासताना आधी चालू ठिकाणी मीटर दाखवतो का पाहा, मग बंद ठिकाणी, मग पुन्हा चालू ठिकाणी. लोटे परशुरामसारख्या रासायनिक औद्योगिक वसाहतीत ज्वलनशील वाफांच्या क्षेत्रात जायचे असेल, तर साधा मीटर आणि मोबाइल बाहेर ठेवा आणि परमिट हातात आल्याशिवाय झाकण उघडू नका.

नोंद लिहायची सवय आताच लावून घ्या. 'मोटर ट्रिप, रीसेट केली' या ओळीचा पुढच्या पाळीला काही उपयोग नाही. फॉल्ट कोड, त्या वेळचे ॲम्पिअर, डीसी बसचे व्होल्टेज, काय मोजले आणि काय बदलले, हे लिहा.

प्रश्न (कुडाळ) : पावसात पाच दिवस वीज नव्हती. आली तेव्हा जुन्या पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाचा) प्रोग्रॅम उडाला होता. कारण?

उत्तर : बॅटरी. जुन्या पीएलसीत प्रोग्रॅम रॅममध्ये असतो आणि पुरवठा नसताना तो ३.६ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर टिकतो. बॅटरीचा लाल दिवा महिनोन्‌महिने दुर्लक्षित राहिला की असे होते. मेमधील शेवटच्या देखभालीत ती बदलून टाका. बहुतेक मॉडेलमध्ये पीएलसी चालू ठेवूनच बदलायची असते, पण मॅन्युअल पाहूनच हात घाला. प्रोग्रॅम कॉमेंटसह दोन ठिकाणी ठेवा आणि ड्राइव्हचे पॅरामीटर व एचएमआयची (ऑपरेटरच्या टच स्क्रीनची) फाइलही सोबत ठेवा. पीएलसी वाचला आणि एचएमआय गेला, तरी लाइन बंदच राहते.