शेतकऱ्यांचे प्रश्न : उसातले उंदीर, बांधातल्या घुशी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावरची आहेत. सारख्या प्रश्नांची उत्तरे एकत्र दिली आहेत.

प्रश्न : आडसाली ऊस आठ महिन्यांचा झालाय. बुडाच्या कांड्या कुरतडलेल्या दिसतात, काही ऊस लोळलाय. झिंक फॉस्फाइडचं आमिष टाकलं तेव्हा थोडे उंदीर मेले. पंधरा दिवसांनी परत टाकलं तर तोंडसुद्धा लावलं नाही. औषध बनावट निघालं का? (वाळवा तालुका)

औषध चांगलं असलं तरी हेच होतं. झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाशी मिसळलं की विषारी वायू सुटतो आणि काही तासांत परिणाम दिसतो. नवीन दिसलेलं खाणं उंदीर आधी कणभर चाखून बघतो. तेवढ्यानं तो मरत नाही, पण आजारी पडतो, आणि त्या चवीचं आमिष पुढे कितीतरी दिवस टाळतो. म्हणून हे औषध एका हंगामात एकदाच वापरायचं, आणि तेही बिनविषारी आमिषाची सवय लावल्यावरच.

पहिल्या दिवशी संध्याकाळी बांधावरची आणि सरीतली सगळी बिळं मातीनं बुजवा. दुसऱ्या दिवशी सकाळी जी उकरलेली दिसतील तेवढीच जिवंत, म्हणजे आत उंदीर किंवा घूस असलेली. घूस बिळाचं तोंड बऱ्याचदा आतून बुजवून घेते, त्यामुळे नुसतं भोक शोधू नका. बाहेर नुकत्या उकरलेल्या ओलसर मातीचा ढीग दिसला तर ते बीळ जिवंत धरा. प्रत्येक जिवंत बिळाशी काठी रोवा. नाहीतर औषध टाकताना निम्मी बिळं सुटतात.

त्याच दिवशी ज्वारीचा किंवा गव्हाचा भरडा आणि गोडेतेल एवढंच मिसळून (९८० ग्रॅम भरड्याला २० ग्रॅम तेल) प्रत्येक जिवंत बिळात २० ग्रॅम टाका. दोन दिवस थांबा. मग ९६० ग्रॅम भरडा, २० ग्रॅम तेल आणि २० ग्रॅम झिंक फॉस्फाइड असं एक किलो आमिष करा. आधी भरड्याला तेल चोळायचं, नंतर भुकटी टाकून काठीनं हलवायचं. हातात रबरी मोजे, तोंडाला फडकं, आणि काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. पाण्याचा थेंबही नको; ओल लागली की वायू तिथेच सुटतो. १० ग्रॅमची कागदी पुडी बिळात वीतभर आत सरकवून तोंडावर हलकी माती टाका. एक किलोत १०० बिळं होतात. भुकटी जास्त घातली तर वास उग्र येतो आणि उंदीर आमिषाकडे फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा, उरलेल्या पुड्याही पुरा.

तुमच्या उसात आता हे औषध चालणार नाही, कारण वाचलेल्यांना ते ओळखीचं झालंय. त्याऐवजी ०.००५ टक्के ब्रोमॅडिओलोनची तयार वडी घ्या, जिवंत बिळाला साधारण १५ ग्रॅम. या औषधानं रक्त गोठणं थांबतं आणि उंदीर चार-सहा दिवसांनी मरतो. खाणं आणि मरणं यांचा संबंध त्याला लागत नाही, म्हणून तो आमिषाला बुजत नाही. ऊस दाट झाल्यानं आत शिरता येत नसेल, तर चार इंची पाइपचे दीड-दीड फुटांचे तुकडे बांधाच्या कडेनं आडवे ठेवून वडी त्यांच्या मधोमध ठेवा. त्यामुळे ती भिजत नाही आणि कुत्र्या-कोंबड्यांना सापडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकट्यानं आपलं रान साफ केलं तर रिकामी बिळं शेजारच्या रानातले उंदीर थोड्याच दिवसांत धरतात. मादीला एका वेतात सात-आठ पिल्लं होतात, गाभणकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा. पावसाळ्यात खाणं वाढलं की संख्या आवरत नाही. म्हणून मे ते जूनचा मध्य, रान मोकळं आणि खाणं कमी असताना, एका पाटावरच्या सगळ्या शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात हे काम करावं. ओढ्याचा काठ, गायरान, रस्त्याची कड सोडू नये, कारण उंदरांची खरी वस्ती तिथेच असते. दुसरी चांगली वेळ ऊसतोड झाल्यावर, खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणाऱ्या पिकाला) पहिलं पाणी देण्याआधी. तेव्हा बिळं उघडी दिसतात. त्यासाठी पाचट (उसाचा वाळलेला पाला) जाळू नका. बांधाकडेचा तीन फुटांचा पट्टा मोकळा ठेवून बाकीचं सरीत राहू द्या. मोठी बांधणी (उसाच्या बुडाला मातीची भर देणं) वेळेवर केली तर सरीतली बिळंही मोडतात.

प्रश्न : पाणी सोडलं की शेतचारीचा बांध दरवर्षी त्याच ठिकाणी फुटतो. घुशीच्या बिळात दगड-माती कोंबतो तरी उपयोग होत नाही. (कराड तालुका)

तोंड बुजवून आतली पोकळी तशीच राहते. चारीत पाणी चढलं की ते पोकळीत शिरतं, जाताना माती नेतं आणि मुठीएवढ्या वाटेचं तासाभरात भगदाड होतं. बांधाच्या कोरड्या बाजूला पाझर दिसला तर पाण्याचा रंग बघा. स्वच्छ असेल तर थोडा अवधी आहे. गढूळ असेल तर आतून माती सुटलीय, पाणी ताबडतोब वळवा.

दुरुस्ती चारी कोरडी असताना करा. आधी वर सांगितल्याप्रमाणे घूस मारा. जिवंत बीळ बुजवलं तर ती शेजारून दुसरं पाडते. मग बिळाच्या वाटेनं, ते संपेपर्यंत, बांध उघडा खणा. फाटे फुटलेले असतात, तेही सोडू नका. भरताना ओलसर माती वीतभर जाडीच्या थरांत टाकायची आणि प्रत्येक थर धुम्मसनं ठोकायचा. नुसती काळी माती भरली तर उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यात मुरूम मिसळा आणि पाण्याकडची बाजू चिकणमातीनं लिंपा. शेतातले आतले बांध दीड फुटापेक्षा रुंद ठेवू नका. रुंद, गवताळलेला बांध घुशीला राहायला सोयीचा.

हे तुमच्या शेतचारीपुरतं. मुख्य कालव्याच्या किंवा वितरिकेच्या भरावात बिळं दिसली तर स्वतः कुदळ लावू नका. पाटकऱ्याला जागा दाखवा आणि पाटबंधारे शाखेत लेखी अर्ज द्या.

प्रश्न : द्राक्षबागेसाठीच्या शेततळ्याची पातळी रोज उतरते. तळ्यातला प्लॅस्टिकचा कागद उंदरांनी कुरतडला असेल का? ठिबकच्या नळ्याही फोडतात. (तासगाव तालुका)

आधी बाष्पीभवन किती ते वेगळं काढा. तळ्यात खुणा केलेली पट्टी लावा आणि पाणी भरणं-उपसणं बंद ठेवून तीन दिवस रोज एकाच वेळी नोंद घ्या. भर उन्हाळ्यात आपल्याकडे दिवसाला एक सेंटिमीटरच्या आसपास पाणी उडून जातं. उतार त्याच्या दुप्पट-तिप्पट असेल तर गळती नक्की. पाणी उपसायची घाई करू नका. ज्या पातळीला उतार मंदावून रोजच्या बाष्पीभवनाइतका होतो, भोक त्याच रेषेच्या लगेच वर असतं. ती रेष धरून चारी बाजूंनी कागद हातानं चाचपत फिरा. ठिगळ लावताना कागद पूर्ण कोरडा आणि धूळविरहित हवा, नाहीतर डिंक धरत नाही.

उंदीर शक्यतो काठावर, कागदाची कड पुरलेल्या चरीखालून शिरतो. तिथली माती भुसभुशीत राहिली की त्याचं काम सोपं होतं. चर ठोकून भरा, भोवतीचा मीटरभर पट्टा तणमुक्त ठेवा आणि कडब्याची गंज तळ्याच्या भरावाला टेकवू नका.

ठिबकच्या नळ्या उंदीर पाण्यासाठी फोडतोच, शिवाय त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्यानं त्याला कुरतडावंच लागतं. नळ्या जमिनीवर सरळ, तणाबाहेर ठेवा. जोडणी लावल्यावर शेवटची टोपी काढून नळी धुवायला विसरू नका. फुटक्या जागेतून आत गेलेली माती पुढच्या ड्रिपरमध्ये अडकते आणि पुढची झाडं कोरडी राहतात.

प्रश्न : भज्यात थिमेट घालून ठेवलं, किंवा बांधावर करंटची तार सोडली तर? (खटाव तालुका)

दोन्ही करू नका. थिमेट म्हणजे फोरेट, त्यावर २०२० च्या अखेरपासून देशात बंदी आहे. असं भजं पहिल्यांदा कुत्रा खातो, किंवा एखादं लहान मूल. करंटच्या तारेनं रात्री पाणी धरायला गेलेली माणसं मेली आहेत, आणि तो गुन्हा आहे. सेल्फॉसच्या (ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या) गोळ्याही शेतकऱ्यानं स्वतः वापरायच्या नाहीत. ती परवानगी फक्त मान्यताप्राप्त कीडनियंत्रकांना असते.

चुकून कुणाच्या पोटात उंदीरनाशक गेलं तर घरगुती उपाय करत बसू नका. औषधाचं पाकीट सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा. ब्रोमॅडिओलोनवर जीवनसत्त्व के-१ हा उतारा आहे. झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही, तिथे प्रत्येक मिनिट मोलाचं.

औषधाशिवाय काही हवं असेल तर लहान पिकात इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबे उभे करा आणि गव्हाणी घुबडाला हाकलू नका. ते रात्रीत दोन-तीन उंदीर सहज उचलतं. धामण दिसली की काठी घेऊन धावणं थांबवा. मेलेले उंदीर पुरणं याच्यासाठीही गरजेचं: ब्रोमॅडिओलोननं मेलेला उंदीर खाल्ला तर घुबडालाही बाधा होते.

प्रश्न : भातखाचराच्या बांधाला खेकड्यांची भोकं पडून पाणी टिकत नाही. (पाटण तालुका)

विष टाकू नका, ते ओढ्यात उतरतं. लावणीआधी बांधाची आतली बाजू फावड्यानं तासून काढा, भोकं हातभर आतपर्यंत चिखलानं दाबून भरा आणि सगळ्या बाजूवर चार बोटं जाडीचा चिखल लिंपा. लावणीनंतर पहिले दोन आठवडे रात्री बॅटरी घेऊन बांधावर फिरा आणि खेकडे हातानं धरा. नवीन भोक दिसलं की पाणी घालण्याआधी त्याच दिवशी बुजवा.