बारा हजारांचं काय करू?

प्रश्न : वाशीम जिल्ह्यात सात एकर कोरडवाहू, सोयाबीन-तूर. वय 38. पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाला 12,000 येतात. एजंटनं त्यातून वीस वर्षांची बचत पॉलिसी सुचवली, शेवटी साडेचार लाख मिळतील म्हणतो. आठवड्यापूर्वी पॉलिसी हातात आली. बरोबर केलं, की एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम) बरी? सोसायटीचं 1,60,000 पीककर्ज माफीच्या आशेनं दोन वर्षं भरलेलं नाही. नवं कर्ज मिळत नाही, म्हणून बियाणं-खत कृषी केंद्रातून उधार, 50,000 पर्यंत, महिना दोन टक्क्यांनी. मुलगी सहावीत आहे, तिच्या लग्नासाठी दीड लाखाची एफडी केलीय, सात टक्क्यांनी.

उत्तर : पॉलिसी आणि एसआयपी, दोन्ही तूर्त बाजूला ठेवा. तुमचा खरा खड्डा पत्राच्या शेवटच्या ओळींमध्ये आहे.

तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं, तर केंद्र आणि राज्याची सवलत धरून व्याज शून्य. ते थकवून तुम्ही बारा टक्क्यांवर नेऊन ठेवलंत. म्हणजे वर्षाला 19,000. उधारीचे सहा महिन्यांचे आणखी 6,000. सरकार 12,000 देतंय आणि तुम्ही 25,000 घालवताय. एफडीचे साडेदहा हजार मिळाले तरी खड्डा भरत नाही.

माफी होईल की नाही, यावर मी पैज लावणार नाही. पण 2019 च्या माफीची अट आठवा: मुद्दल आणि व्याज मिळून थकबाकी दोन लाखांच्या वर गेली, की खातं अपात्र. तुमचा आकडा आज 1,98,000 च्या आसपास असेल. ज्या माफीची वाट बघताय, तसलीच अट पुन्हा आली तर वाट बघण्यामुळेच बाहेर पडाल. आणि त्याच योजनेत नियमित फेडणाऱ्यांना 50,000 पर्यंत प्रोत्साहन अनुदान होतं. ते कुणी पारावर सांगत नाही.

म्हणून एफडी मोडा. मुदतीआधी मोडल्याचा थोडा दंड बसेल, बसू द्या. उरलेले पन्नासेक हजार सोयाबीनच्या पट्टीतून (विक्रीच्या पैशातून) काढा आणि हंगामाआधी खातं मोकळं करा. सोसायटीच्या गटसचिवाकडून मुद्दल आणि व्याज वेगवेगळं लेखी घ्या. ‘एकरकमी तडजोड करा, व्याज सोडतो’ असं कुणी म्हणालं, तर नवं कर्ज मिळेल का हे आधी लेखी विचारा. नसेल तर ती सूट महागात पडेल. खातं नियमित झालं की नव्या कर्जातून खत-बियाणं रोखीनं घ्या. लग्नाला अजून दहा-बारा वर्षं आहेत. वाचलेल्या व्याजातून ती एफडी पुन्हा उभी राहील.

आता पॉलिसी. वीस वर्षं 12,000 भरून साडेचार लाख, म्हणजे परतावा साडेपाच-पावणेसहा टक्के. एजंटनं तो टक्क्यात सांगितला नसेल, सांगतच नाहीत. शिवाय अनुदानाचा हप्ता ई-केवायसीत अडकला तरी विम्याचा हप्ता थांबत नाही. विमाच हवा असेल, तर वर्षाला 436 रुपयांत प्रधानमंत्री जीवन ज्योती योजना दोन लाखांचा देते. पॉलिसी मिळाल्यापासून तीस दिवसांत परत करता येते. एजंटला फोन करत बसू नका, तो तारखा पुढे ढकलेल. कंपनीच्या शाखेत अर्ज द्या आणि पोच घ्या.